नाल्याकडे तोंड करून

उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले की आमच्या कळसाडीत रस्त्याकाठच्या घरांत कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही. मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर विजेच्या तारांना टेकेल एवढा ऊस, आणि वर कर्ण्यातून गाणी. यंदाही दिवाळीची रांगोळी पुसली नव्हती तोच ते सुरू झाले. पोरं ट्रॉलीमागे धावून कांडकी ओढतात, गुरांना उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं मिळतं, चहाच्या टपऱ्या चालतात, म्हणून गावाला हा मोसम आवडतो. मलाही आवडायचा. आता पहिला ट्रॅक्टर दारावरून गेला की माझ्या हातून भांडी आपटली जातात. घरातले म्हणतात, हिचं काहीतरी बिनसलंय. काय बिनसलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण ठाऊक असलेलं बोलून दाखवायची आमच्या घरात रीत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मी मूळची नंदुरबारची. माहेर मिरचीच्या बाजाराला लागून. थंडीत पथाऱ्यांवर लाल मिरची वाळायला पडली की आमची गल्ली जेवताना शिंकायची, झोपताना शिंकायची, पाहुणे आले की त्यांच्यासकट शिंकायची. रानातला जीव म्हणून मी पाहिलेला सगळ्यात मोठा प्राणी म्हणजे गोदामातली घूस. अशी मुलगी गुजरांच्या शेतकरी घरात, ऐन उसाच्या गावात सून म्हणून आली. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात दिवेलागणीला मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. समोरच्या उसातून एकाएकी रडण्याचा आवाज उठला. एकाने सूर धरला, दुसऱ्याने उचलला, मग चहूकडून कल्लोळ. मी सूप टाकून आत पळाले. सासरे खाटेवर बसले होते. अख्खं गाव त्यांना आबा म्हणतं, मीही म्हणते. ते पोट धरून हसले.

"कोल्हा शेतस त्या, वऊ. नवी नवरी उनी म्हनीसन तुले देखाले उनात."

वऊ म्हणजे सूनबाई; नव्या सूनबाईला बघायला कोल्हे आले होते म्हणे. आजही ते मला त्याच नावाने हाक मारतात आणि आजही आमचं रोज एकदा चहाच्या साखरेवरून वाजतं. पण कोल्ह्यांची ओळख त्यांनीच करून दिली, हे मान्य करायला हवं. संध्याकाळी कोल्हेकुई झाली नाही तर ते जेवणाचं ताट थोडा वेळ तसंच ठेवायचे. आवाज आला की पहिला घास. देवाला नैवेद्य दाखवून जेवणारी माणसं मी पाहिली होती, कोल्ह्यांसाठी खोळंबणारा हा एकच. मी भुकेली असले की मला त्याचा राग यायचा.

ऊस म्हणजे जंगल नव्हे, हे माणसाला कळतं. कोल्ह्याला कसं कळावं? वर घट्ट झाकण, खाली ओलावा, उंदरांची चंगळ, आणि एकदा ऊस डोक्यावर गेला की माणूस महिनोन्‌महिने आत शिरत नाही. सातपुड्यात झाडं उरली नाहीत आणि खाली तापीकाठी कोणाची बांधावरची बाभूळसुद्धा उरली नाही. मग कोल्हा, ससा, रानमांजर, मुंगूस, साळू सगळी मंडळी उसात राहायला आली. तिथेच जोड्या जमतात, तिथेच बाळंतपणं होतात. या जंगलाचा एकच दोष. ते दर वर्षी कापलं जातं.

त्या कापण्याचा आमच्या घरात एक नियम होता. आमचं विहिरीचं शेत लांबट आहे. एका टोकाला गाडीरस्ता आणि विहीर, दुसऱ्या टोकाला नाला. रस्त्याच्या पलीकडे शेजाऱ्यांचा ऊस, नाल्याच्या दोन्ही काठांना बोरी, बाभळी, घाणेरी, एरंड यांचं गचपण. तोडणीची टोळी आली की आबा स्वतः शेतात जायचे आणि हात करून दाखवायचे.

"तोडनी रस्ताकडथीन लावानी. तोंड नालाकडे. त्या मुका जीवस्ले निंघाले वाट पाहिजे."

रस्त्याकडून कापत गेलं की आतले जीव पुढे पुढे सरकत नाल्याकडे जातात, आणि शेवटच्या सरी पडायच्या आधी नाल्यात उतरून झाडीत नाहीसे होतात. चारही बाजूंनी कापत आलं तर मधे बेट उरतं आणि त्या बेटाभोवती कुत्री आणि काठ्या जमतात. तसं करणारेही होते. आबा त्यांच्याशी बोलणं टाकायचे. शेवटच्या दिवशी ते बांधावर उभे राहून त्यांना जाताना पाहायचे. एकदा मलाही नेलं होतं. आधी एक ससा, मग मुंगसाची जोडी, सगळ्यांत शेवटी कोल्हीण. तिने नाल्यात उतरायच्या आधी थांबून मागे बघितलं. आबांनी हात जोडले. मला तेव्हा हसू आवरेना. लग्नातल्या पाठवणीला उभे राहिल्यासारखे ते उभे होते.

या जनावरांनी जगायच्या किती तऱ्हा शोधून काढल्या आहेत, हे मला आबांमुळेच कळलं. ससा पळून वाचतो असं आपण शाळेत शिकतो. ससा आधी पळतच नाही. तो ढेकळाला ढेकूळ होऊन बसतो, कान पाठीवर पाडून, आणि आपलं पाऊल अगदी अंगावर येईपर्यंत हलत नाही. आबा म्हणायचे, "ससा दिसत नही, ससाना डोया दिसस." पळालाच तर सरळ पळत नाही, कुत्र्याचं तोंड जवळ आलं की एकदम वळतो आणि कुत्रा चार हात पुढे घसरत जातो. सशीण पिल्लांना एका जागी ठेवत नाही. एक इथे, दुसरं तिथे, म्हणजे एक सापडलं तरी दुसरं राहावं. दिवसभर ती त्यांच्याकडे फिरकत नाही, आपल्या वासामागून कोणी तिथवर यायला नको म्हणून. पिल्लू एकटं, डोळे उघडे ठेवून, गप्प पडून असतं. आमच्या गावात दर वर्षी कोणीतरी दयाळू माणूस ते उचलून घरी आणतो. आईने टाकलं बिचाऱ्याला, असं म्हणत त्याला गाईचं दूध पाजतो, आणि दोन दिवसांनी परसात पुरतो.

साळू पाठ फिरवते आणि काटे उभारून शत्रूच्या अंगावर उलटी धावते. मुंगूस अंगावरचे केस फुलवून आहे त्याच्या दुप्पट होतं. तोडणीच्या टोळीतल्या रुमालीबाईने मला खवल्या मांजराची गोष्ट सांगितली होती. ती पावरा आदिवासी, वर धडगावकडच्या पाड्यावरची. घरात पावरी बोलते, आमच्याशी अहिराणी. लहानपणी तिच्या बापाला डोंगरात एक खवल्या मांजर दिसलं होतं. चाहूल लागताच त्याने अंगाची गुंडाळी केली.

"बिबट्याना दातबी लागतस नही त्याले, वहिनी," ती म्हणाली, "पन मानूस उचली लेस. पोतामा घाली लेस."

मी ही गोष्ट अनेकदा मनात घोळवली आहे. बिबट्यापासून वाचायला त्या जीवाच्या कितीतरी पिढ्यांनी ती गुंडाळी शिकून घेतली असेल. आणि माणूस आला तेव्हा तीच गुंडाळी उचलायला सोयीची ठरली. सगळ्यांचं तेच. ससा हलत नाही, म्हणून कोयत्याखाली येतो. उसाचं वाळलेलं पाचट पेटवलं तरी तो हलत नाही, कारण न हललं की वाचतो हेच त्याला ठाऊक. त्यांचे सगळे डावपेच दात आणि नखं असलेल्यांसाठी आहेत. आमच्यासाठी त्यांच्याजवळ काहीच नाही. हे मला भयंकर वाटतं.

निभावलं ते फक्त रानडुकरांचं. मिळेल ते खातात, ढीगभर पिल्लं घालतात आणि कशालाच लाजत नाहीत. त्यांनी केळी लोळवली म्हणून लोकांनी शेतांभोवती झटका मशीनची तार ओढली. मरण्याएवढा नसतो तो झटका, पण नाक लागलं की जनावर किंचाळून मागे फेकलं जातं. डुकरं आठवड्याभरात शिकली. कुठे तार सैल आहे, कुठे खालून माती उकरता येते, सगळं. ज्यांच्यासाठी तार लावली ते आत आणि बाकीचे बाहेर, असं आमच्या शिवारात झालं आहे.

आणि आता बिबटेही उसात आहेत. शाळेत पोरांना घोळक्याने न्यावं लागतं. पूर्वी कोल्हे त्यांची वर्दी द्यायचे. बिबट्या जवळपास असला की कोल्हा नेहमीच्या सुरात ओरडत नाही. फाटक्या, तुटक आवाजात एकट्यानेच ओरडत सुटतो. तो आवाज आला की आबा ओट्यावरून हाका मारून आळीतली पोरं घरात घ्यायचे. कोल्ह्याचा जीव वाचवायचा आवाज आमच्याही कामाला यायचा. बदल्यात आम्ही त्याला नाल्याची वाट ठेवायचो. व्यवहार सरळ होता.

आता हा मोसम मला नकोसा झाला त्या साली काय झालं ते.

त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आमच्या नाल्यावर पोकलेन आलं होतं. नाला खोल करायचा, रुंद करायचा, पाणी अडवायचं. सगळ्या गावाला हवं होतं, आम्हालाही हवं होतं. विहिरीचा तळ दिसत होता. पोकलेनपुढे नारळ आबांनीच फोडला. गावातला वडीलधारा माणूस म्हणून त्यांना मान दिला होता. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, सगळ्यांना खोबरं वाटलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते ओट्यावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. घर ते अंगण एवढंच त्यांचं जग उरलं. नाला खोल झाला, पावसाळ्यात पाणी साठलं, विहिरीला पाझर आला. आबांना आम्ही रोज ते सांगायचो आणि त्यांना बरं वाटायचं.

सांगायचं राहिलं ते एवढंच, की काठ राहिले नव्हते. मशीनने दोन्ही बाजूंची झाडी मुळासकट उपटली आणि निघालेली माती पसरून सपाट केली. त्या मातीत आम्ही उसाच्या चार सरी वाढवल्या आणि पलीकडच्या शेतकऱ्याने केळी पार कडेपर्यंत आणली. केळीभोवती झटक्याची तार. मधे सिमेंटच्या गटारासारखा उघडा, उभ्या काठांचा चर. लपवाछपवी काही नव्हती. रोज डोळ्यांपुढे होतं, म्हणून कोणाला सांगण्यासारखं वाटलं नाही.

त्या वर्षी आमच्या उसाला कारखान्याची तोड उशिरा मिळाली. शिवरात्र होऊन गेली, उन्हं तापायला लागली, तेव्हा टोळी आली. टोळीचा म्होरक्या खात्र्या, रुमालीबाईचा नवरा. वर्षानुवर्षं आमचा ऊस तोच तोडतो. पहिल्याच दिवशी रुमालीबाई वाढ्याचा भारा टाकायला घरी आली आणि आबांच्या खाटेजवळ टेकली.

"आबा, आंदा कोल्हीनले पिल्लं शेतस. इहीरना जोडे बीळ शे. मी देखं. डोया उघडेल शेतस, पन चालता येत नही."

आबांचा चेहरा उजळला. मग लगेच पडला. चालता येत नाही म्हणजे कापणीच्या पुढे पळता येत नाही. त्यांनी मोहनला बोलावलं. मोहन म्हणजे माझा नवरा, बापाला कधी उलट न बोलणारा. आबा म्हणाले, थोडे दिवस थांबा. पिल्लं आईमागे चालायला लागू देत. मोहन खाली बघत उभा राहिला. कारखान्याची तोड एकदा गेली की गेली, आणि त्याहून मोठी अडचण खात्र्याने सांगितली.

"भोंगऱ्याना आगोदर उरकनं पाहिजे, आबा. मंग बाया थांबाव नहीत. मीबी थांबाव नही."

होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात. ढोल, बासऱ्या, नवे कपडे. वर्षभर परमुलखात राबलेला माणूस त्या दिवसांत डोंगरावर परततोच. त्याला थांब म्हणणं आबांच्याही जिभेवर आलं नाही. शेवटी ते म्हणाले, "मंग नेमनं करा. तोंड नालाकडे. ती आई शे, पिल्लं उचलीसन निंघी जाई."

आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं, हे मला स्पष्ट आठवतं. तोडगा निघाला. कारखाना राहिला, होळी राहिली, कोल्हीण राहिली. मोहनने मान हलवली, खात्र्याने हलवली. नाल्याकडे म्हणजे कुठे, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्या बोलण्यात नाला ही एव्हाना जागा उरली नव्हती. ती एक बाजू झाली होती, उगवती-मावळतीसारखी.

रस्त्याकडून तोडणी लागली. रुमालीबाई रोज संध्याकाळी खबर आणायची आणि आबा दिवसभर तिची वाट बघायचे. कोल्हिणीने बीळ सोडलं. एकेक पिल्लू मानगुटीला धरून ती उभ्या उसात पुढे नेत होती. "माले देखं नि उभी रायनी. तोंडमा पिल्लू व्हतं. मंग गयी," रुमालीबाई म्हणाली. "कोनीकडे?" आबा विचारायचे. "नालाकडे." आबा मान डोलवायचे. नर दुसरंच काम करत होता. टोळीची कुत्री उसाकडे वळली की तो मुद्दाम उघड्यावर यायचा, त्यांना दिसेल असा रमतगमत पळायचा आणि त्यांना पार कापसाच्या पऱ्हाट्यांपर्यंत ओढून नेऊन चकवा द्यायचा. धाप लागलेली कुत्री परत यायची. टोळीतले लोक हसायचे. सगळ्यांनाच त्या जोडीचा अभिमान वाटायला लागला होता. मी कधी नव्हे ती पोळ्या लाटताना गुणगुणत होते.

रस्त्यापलीकडे शेजाऱ्यांचा खोडवा ऊस उभा होता, गच्च, हिरवा, आणखी महिनाभर त्याला कोयता लागणार नव्हता. पहिल्या दिवशी ती कोल्हीण त्या उसापासून एका उडीवर होती. नाल्याकडून तोडणी लावली असती, तर ती पिल्लं घेऊन त्यात शिरली असती. एवढं साधं होतं. आम्ही रोज थोडं थोडं करून तिला त्यापासून लांब नेत होतो.

शेवटच्या दिवशी आबा हट्टाला पेटले. त्यांना जाताना बघायचंय. मोहनने त्यांना मोटारसायकलवर मधे धरून, मागे मला बसवून शेतात नेलं. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. बांधावर प्लास्टिकची खुर्ची ठेवली. ऊन चढत होतं. उसाच्या उरल्या होत्या नाल्याकडच्या काही सरी, आणि कापलेल्या रानात गावातली पोरं मोबाइल धरून उभी होती. कुत्री होतीच, टोळीची आणि गावचीही.

आबांनी समोर पाहिलं. मग डोळ्यांवर हात धरून परत पाहिलं.

"मोहन, नाला कोठे शे?"

मोहन म्हणाला, "हाऊ काय समोर, आबा."

आबा उठायला लागले. त्यांना उठता येईना. "थांबाडा," ते म्हणाले. "खात्र्याले थांबाड. झाडं कोठे शेतस? आते त्या निंघतीन त कोठे जातीन?" त्यांचा आवाज फार मोठा नव्हता. खात्र्याने ऐकलं आणि हात वर केला. सगळ्यांचे कोयते थांबले. पण कुत्र्यांना कोण थांबवणार? ती उसात शिरली होती.

नर आधी बाहेर आला. नेहमीसारखाच उघड्यावर, दिसेल असा. पण आता ओढून न्यायला पुढे रानच नव्हतं. मागे माणसं, पुढे चर. तो पाणी आटलेल्या चरात उतरला, पलीकडे चढला आणि तारेला लागला. किंचाळून मागे पडला. पुन्हा उठून लागला. तेवढ्यात कुत्री पोचली. कोल्हीण तोंडात पिल्लू घेऊन आली. तीही तारेपर्यंत गेली. झटक्याने तिच्या तोंडातलं पिल्लू चरात पडलं. ते उचलायला ती वळली, कुत्री बघितली, आणि ते न उचलता चरातून पळत सुटली, गावच्या बाजूला. जगायचं असेल तर आईने त्या क्षणी तसंच करायचं असतं, हे मला आता कळतं. तेव्हा मी तिला मोठ्याने शिवी दिली होती.

मोहनने आणि खात्र्याने दगड मारून कुत्री हाकलली, पण तोवर करण्यासारखं उरलं नव्हतं. पोरांनी मोबाइल खिशात घातले. आबा खुर्चीत बसून होते. त्यांनी ना हात जोडले, ना डोळे पुसले. एवढंच म्हणाले, "मीच धाडं त्यास्ले आठे."

मोहन म्हणाला, आबा, तुमचं काय चुकलं? तुम्ही भल्यासाठीच सांगितलं. ते खरं होतं. त्याने त्यांना काही बरं वाटलं नाही.

दुपारी वाढं गोळा करताना रुमालीबाईला सरीत, पाचटाखाली, एक पिल्लू सापडलं. जिवंत. ते ओरडलं नाही, पळालं नाही. पडून राहिलं होतं, पिल्लांनी राहायचं असतं तसं. तिने ते एका पाटीत ठेवलं, वर थोडं पाचट टाकलं, आणि पाटी उरलेल्या सरींच्या कडेला ठेवून दिली. त्या सरी खात्र्याने तशाच उभ्या ठेवल्या होत्या. मोहनने कुत्र्यांना गावापर्यंत पिटाळलं. अंधार पडायच्या सुमाराला उघड्या रानातून कोल्हीण एकटी ओरडली. तिच्या ओरडण्याला उत्तर आलं नाही. त्या दिवशी आबांनी ताट सरकवून दिलं.

सकाळी मी आणि रुमालीबाई गेलो तर पाटी आडवी पडलेली, रिकामी. आजूबाजूच्या मातीत पावलं होती. कोल्ह्याची की कुत्र्याची, मला कळली नाहीत. रुमालीबाईने खाली वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं आणि पाटी उचलून डोक्यावर घेतली. मी घरी आले तेव्हा आबा दाराकडे डोळे लावून बसले होते.

"लई गयी का?"

"लई गयी, आबा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चहाची साखर कमी आहे हे एका घोटात ओळखणारा माणूस आहे तो.

"कोठे?" त्यांनी विचारलं.

त्या एका शब्दाचा मी तेव्हापासून विचार करते आहे. नेलं असेलही तिने. नाही असं छातीठोक कोण म्हणेल? पण नेलं तर कुठे नेलं? रस्त्यापलीकडचा खोडवा महिन्याभराने तुटला, तोही चारही बाजूंनी. त्याच्यापुढे केळी, केळीभोवती तार. त्याच्यापुढे पपई, मग हायवे. गेल्या वर्षी रुमालीबाईच्या मुलीच्या लग्नाला आम्ही धडगावला गेलो होतो. शहाद्याहून जीपमध्ये कोंबून घाट चढलो. मी खिडकीला नाक लावून बसले होते, वर तरी काही असेल म्हणून. उन्हात डोंगरामागून डोंगर, तांबडे, उघडे. कुठे कुठे सागाची चार झाडं. घाटात गाडी बिघडली आणि आम्ही बराच वेळ दगडावर बसलो, पण एक माकडसुद्धा दिसलं नाही. लग्नात मी रुमालीबाईला म्हटलं, तुमच्याकडे तरी जनावर असेल असं वाटलं होतं. ती हसली. "आमी पोट भराले तुमनाकडे येतस, वहिनी. जनावरं बी तठेच उनात." जनावरंही खाली आमच्याकडेच आली, या तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

लोक सांगतात, कोल्हा हुशार आहे, तो टिकेल. दुसऱ्या तालुक्यात आहेत म्हणे. असतील. आमच्या शिवारात त्या सालानंतर कोल्हेकुई नाही. बिबट्या आला तर आता तो आलेलाच कळतो. मधे एकाने मोबाइलवरच्या गावच्या गटावर कोल्ह्याच्या ओरडण्याचा आवाज पाठवला होता. मोहनने तो आबांना ऐकवला, त्यांना बरं वाटेल म्हणून. आबांनी ऐकून घेतला आणि म्हणाले, बंद कर. भला माणूस आहे माझा नवरा, पण अशा वेळी त्याला चिमटा काढावासा वाटतो.

यावर उपाय काय, असं शहरातली माझी भाची विचारते. झाडं लावा, काठ सोडा, तार काढा, असं तीच सांगतेही. मी तिला हो म्हणते. मग शेताकडे बघते. आमच्या चार सरी मीच सोडायला तयार होते. मोहनही तयार झाला. पण पलीकडे तार आहे, वरच्या अंगाला नाल्याचा काठ दुसऱ्याचा, खालच्या अंगाला तिसऱ्याचा. चार सरींच्या झाडीत कोण येऊन राहणार, आणि कुठून येणार? तरी आम्ही त्या सोडल्या. दोन पावसाळे गेले. गाजरगवत उगवलं आहे.

काल खात्र्या आला होता. यंदाची तोड लवकर मिळाली आहे. केस पिकलेत त्याचे. पायरीवर बसून त्याने चहा घेतला, रुमालीबाईचे गुडघे दुखतात म्हणून सांगितलं, पोरांची विचारपूस केली. आबा खाटेवर पडून होते. हल्ली ते फारसे उठत नाहीत. निघताना खात्र्या त्यांच्याजवळ गेला, वाकला आणि मोठ्याने, कारण आता त्यांना कमी ऐकू येतं, विचारलं, "आबा, तोडनी कोनीकडथीन लावू?"

आबांनी छताकडे लावलेले डोळे वळवले नाहीत.

"कोठूनबी लाव," ते म्हणाले.